शुद्ध स्फटिकातलं लोखंड

पडेगावच्या अमृता हिवराळेला सगळी गल्ली ‘डॉक्टरीणबाई’ म्हणायची, आणि ती डॉक्टर नव्हती. आठ वर्षं ती विद्यापीठात भौतिकशास्त्रात पीएच.डी. करत होती. गल्लीला ठाऊक होतं ते एवढंच, की पोरगी सकाळी पाठीला पिशवी लावून जाते, दिवेलागणीला परत येते, आणि एवढं शिकूनही तिला अजून कुणी धड नोकरी देत नाही. शेजारची चंपाबाई अंगात कणकण आली की तिच्याकडे गोळी मागायला यायची. मी तसली डॉक्टर नाही, हे सांगून सांगून अमृताचं तोंड दुखलं. शेवटी तिनं तापाच्या गोळ्यांची दोन पाकिटं घरात आणून ठेवली आणि विषय मिटवला.

आपल्याकडे बारावीत नापास झालेल्याची लोक कीव करतात. चौतिसाव्या वर्षी शिकत असलेल्या बाईची कुणी कीव करत नाही, तिच्याकडे संशयानं बघतात. एका कॉलेजात तासिकांवर शिकवून ती पोटापुरतं मिळवायची. कायमच्या जागेची जाहिरात आली की तिच्या मागून शिकलेली पोरं अर्ज भरायची आणि ती पहिल्याच अटीला अडखळायची. पीएच.डी. हवी. तिची मुदत दोनदा वाढवून झाली होती, आणि तिसरी व शेवटची वाढ तीस जूनला संपणार होती. त्यानंतर नोंदणी रद्द, म्हणजे आठ वर्षं पाण्यात.

तिचं काम सांगायला फार अवघड नाही; सांगणारे ते अवघड करून ठेवतात. झिर्कोनियम नावाचा धातू आणि टेल्युरियम नावाचा ठिसूळ, चकचकीत पदार्थ क्वार्ट्झच्या नळीत भरायचा. नळीतली हवा ओढून घेऊन तिचं तोंड वितळवून बंद करायचं आणि ती भट्टीत तीन आठवडे ठेवायची. सावकाश गार होताना आत केसांसारखे बारीक स्फटिक वाढतात. शास्त्रज्ञ त्यांना टोपोलॉजिकल सेमीमेटल म्हणतात. नाव लांबलचक आहे, पण त्यातली गंमत एवढीच, की प्रत्येक इलेक्ट्रॉनला स्वतःची एक फिरकी असते आणि या स्फटिकात त्या फिरकीची व पळायच्या दिशेची गाठ मारलेली असते. वाटेत एखादा परका अणू आडवा आला तरी इलेक्ट्रॉन सहसा माघारी वळत नाही, कारण वळायचं तर फिरकीही उलटी करावी लागते आणि साध्या अणूच्या अंगात ते बळ नसतं. पण तो परका अणू चुंबकी असला, लोखंडाचा किंवा मँगनीजचा, तर तो फिरकीच उलटवून टाकतो. मग इलेक्ट्रॉन माघारी फिरू लागतात. गारठा वाढेल तसा कमी होत जाणारा विजेचा रोध एका जागी थबकतो आणि पुन्हा वर चढतो. असे किती अणू घातले की किती बिघडतं, हे मोजणं म्हणजे अमृताचा प्रबंध.

त्यासाठी आधी एक निर्मळ स्फटिक लागतो, ज्यात चुंबकी काहीच नाही. तो तिची मोजपट्टी. त्याच्याशी ताडून मग मँगनीज घातलेले बाकीचे स्फटिक मोजायचे. गंमत अशी झाली की तिच्या निर्मळ स्फटिकाच्या आलेखातही रोधाची रेघ खाली येऊन पुन्हा वर चढायची. तिनं तीनदा नवे स्फटिक वाढवले, तीनदा इंदूरच्या संशोधन केंद्रात जाऊन पार शून्याजवळच्या थंडीत ते मोजले, आणि तिन्ही वेळा तेच. तिचे मार्गदर्शक पाथ्रीकर सर खुशीत आले. हा या स्फटिकाचा अंगचाच गुण असला पाहिजे, असं त्यांनी मांडलं. परदेशी नियतकालिकात लेख छापून आला, त्याचं प्रबंधात तिसरं प्रकरण झालं, आणि त्या दिवशी सरांनी अख्ख्या विभागाला चहा पाजला. अमृतानं घरी जाऊन आईला छापील पान दाखवलं. आईनं त्यावरच्या लेकीच्या नावावरून बोट फिरवून घेतलं.

आईचं नाव कडूबाई. नवरा गेल्यापासून ती गुलमंडीवरच्या एका व्यापाऱ्यासाठी घरी बसून सुपारी कातरायची. पोतं यायचं, कातरून जायचं, दुसरं यायचं. अमृता सात वर्षांची असल्यापासून तिच्या शेजारी बसून कातरत आली होती. एका दाबात सारख्या जाडीचा काप पाडायचा, भुगा होऊ द्यायचा नाही, आणि बोट वाचवायचं, हे तिला पाढ्यांच्या आधी आलं. त्या कातरणीवरच तिची शाळा झाली, कॉलेज झालं, एम.एस्सी. झालं.

टेल्युरियमचे खडे यायचे आवळ्याएवढे, आणि नळीचं तोंड करंगळीएवढं. खडे खलात कुटले की अर्धा माल भुगा होऊन काळवंडायचा. विभागातलं कापायचं यंत्र सुट्या भागाची वाट बघत दोन वर्षं कापडाखाली झाकून ठेवलेलं. तेव्हा एक दिवस अमृतानं घरून आईचा जुना अडकित्ता आणला, स्पिरिटनं पुसला आणि खडा पात्यात धरून दाबला. हरभऱ्याएवढा स्वच्छ तुकडा पडला. नळ्यांची तोंडं बंद करणारे सांडूमामा पंचवीस वर्षं त्या प्रयोगशाळेत होते. ते बघतच राहिले. सरांनीही कौतुक केलं. अडकित्ता मग प्रयोगशाळेतच राहिला, तिच्या खणात, स्वच्छ फडक्यात गुंडाळून. पुढं प्रेरणा नावाची नवी विद्यार्थिनी आली, तर अमृतानं तिलाही कातरायला शिकवलं.

आता म्हणाल, स्फटिकाला लोखंडापासून एवढं जपणारी ही बाई, तिच्या लक्षात कसं आलं नाही? ती प्लॅस्टिकचा चिमटा वापरायची. स्टीलचा चमचा टेबलावर दिसला तर प्रेरणाला बोलायची. पण अडकित्ता तिला कधी लोखंड वाटलाच नाही. तो घरचा होता. माणूस परक्याला दारात अडवतो, घरच्याला कोण विचारतं?

जानेवारीत कडूबाईच्या रोजच्या अडकित्त्याचा खिळा निसटला आणि तिनं जुना परत मागितला. अमृतानं तो नेऊन दिला. त्या वेळचे खडे तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून अकीकाच्या, म्हणजे गारेसारख्या कठीण दगडाच्या, बत्त्यानं फोडले, थोडा माल वाया गेला, नळी भरली, भट्टीत ठेवली आणि विसरून गेली. मार्चमध्ये इंदूरला तो स्फटिक मोजायला लावला, तर रेघ खाली गेली आणि खालीच राहिली. वर चढलीच नाही.

आधी तिला वाटलं, तारा नीट चिकटल्या नाहीत. तिनं त्या काढून पुन्हा चिकटवल्या. रेघ तशीच. परतीच्या प्रवासात ती सगळं मनात एकेक करून तपासत गेली: भट्टी तीच, नळी तीच, माल त्याच बाटलीतला. धुळ्याच्या अलीकडे कुठंतरी तिला अडकित्ता आठवला. तिच्या अंगाला टेल्युरियमचा लसणासारखा वास यायचा, म्हणून बसमध्ये शेजारच्या जागेवरची बाई आधीच तोंड वळवून बसली होती. त्यामुळं अमृताला रडू फुटलेलं कुणाला दिसलं नाही.

घरी आल्यावर आई पाणी भरायला गेल्याचं बघून तिनं अडकित्ता उचलला आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पात्याची धार दातेरी झाली होती आणि कडेला पापुद्रे सुटलेले होते. तरी तिनं आशा सोडली नाही. जुना एक निर्मळ स्फटिक आणि हा नवा, असे दोन्ही तिनं शेंद्र्याकडच्या एका खासगी प्रयोगशाळेत तपासायला दिले. मेच्या मध्यावर कागद आला. नव्यात लोखंड जवळजवळ नाही. जुन्यात दहा लाख अणूंमागं चारशे.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं लोक हसत म्हणतात. इथं मारुती आठ वर्षांचा होता. तिचं तिसरं प्रकरण खोटं ठरलं, कारण स्फटिकाचा अंगचा गुण वगैरे काही नव्हताच. चौथं आणि पाचवंही गेलं, कारण मँगनीजच्या प्रत्येक स्फटिकात न मोजलेलं लोखंडही होतं, आणि कुणामुळं किती इलेक्ट्रॉन वळले हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं. मोजपट्टीच वाकडी, तर तिनं मोजलेलं कापड सरळ कुठून येणार?

पुढचे आठ दिवस ती पिसाट झाल्यासारखी धावली. इंदूरला फोन करून तिनं मोजणीसाठी वेळ मागितली. पुढची रिकामी तारीख ऑक्टोबरातली होती. ती अक्षरशः गयावया करत राहिली. पलीकडचा माणूस भला होता, पण त्याच्या हातात काही नव्हतं. मग तिला वाटलं, प्रत्येक जुन्या स्फटिकातलं लोखंड मोजून हिशोब दुरुस्त करता येईल. खण उघडला तर अकरांपैकी दोनच धड उरले होते. बाकीचे तारा काढताना मोडले होते. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तिच्या हाती काडीही लागेना. जेवण जाईना. वर्गात फळ्याकडे तोंड करून ती पुढचं वाक्यच विसरायची. एकदा भर दुपारी ती विद्यापीठामागच्या डोंगराकडे चालत गेली आणि लेण्यांच्या पायऱ्यांपाशी नुसती बसून राहिली. आपण कुठं तरी निघून जावं, कुणाला काही सांगावं लागू नये, एवढंच तिला वाटत होतं.

शेवटी तिनं कागद पाथ्रीकर सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. वाईट माणूस नव्हता तो. तिची शिष्यवृत्ती थांबली तेव्हा त्यांनीच खटपट करून तिला तास मिळवून दिले होते. पण निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं आणि त्या लेखावर त्यांचंही नाव होतं.

“तू हे सांगितलंस तर तुझं सगळं जातं आणि माझं नाव जातं,” ते हळू आवाजात म्हणाले. “नाही सांगितलंस तर कुणाचंच काही जात नाही. नवा स्फटिक बाजूला ठेव. आधी पदरात पाडून घे, मग ऑक्टोबरात सगळं नीट करू.”

अमृता ‘हो सर’ म्हणाली. आणि खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं. त्या दिवशी ती पोटभर जेवली. कुणी तिला नावं ठेवू नयेत. आठ वर्षं ज्याची गेली त्यालाच ते कळतं.

प्रबंध द्यायच्या आधी संशोधन समितीपुढं खुलं सादरीकरण करावं लागतं. ते वीस जूनला ठरलं. पाहुण्यांच्या शाली, नारळ, चहा, समोसे हे सगळं विद्यार्थ्यानंच करायचं, अशी रीत आहे. प्रबंध तरो की बुडो, समोसे गरम पाहिजेत. घरचे लोकही येतात आणि मागं बसतात. कडूबाई नवं निळं लुगडं नेसून, पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन शेवटच्या रांगेत बसली. तिला इंग्रजीतलं अक्षर कळत नव्हतं, पण ती लेकीच्या तोंडाकडे बघत होती आणि मधूनमधून मान हलवत होती.

सादरीकरण झालं. बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाई वयस्कर होत्या आणि नीट ऐकत होत्या. त्यांनी नेमकं विचारलं, की शुद्ध स्फटिकात चुंबकी अशुद्धी नाही याची खात्री कशी केली. उत्तर अमृतानं पाठ केलं होतं. माल नव्याण्णव पूर्णांक नऊशे नव्याण्णव सहस्रांश टक्के शुद्ध होता, बाटलीवर तसा दाखला होता. बाईंनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. पाथ्रीकर सरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. जीव भांड्यात पडला म्हणतात तसा तो पडलाच होता.

तेवढ्यात अमृताची नजर दुसऱ्या रांगेतल्या प्रेरणाकडे गेली. ती खाली मान घालून तिचं उत्तर उतरून घेत होती. मागच्याच आठवड्यात प्रेरणानं शहागंजातून आणलेला नवाकोरा अडकित्ता तिला दाखवला होता. ताई, आता तुमचा मागावा लागणार नाही, असं म्हणाली होती. तिचे पहिले दोन स्फटिक भट्टीत होते. बुलढाण्याकडून आलेली पोरगी, तिच्यापुढंही पाच-सहा वर्षं होती. अमृता तेव्हा तिला काहीच बोलली नव्हती.

समिती उठायला लागली होती. अमृता इंग्रजीतच म्हणाली, की मॅडम, एक सांगायचं राहिलं. मग तिनं नव्या स्फटिकाची रेघ पडद्यावर लावली आणि शेंद्र्याचा कागद वाचून दाखवला. तिसरं प्रकरण चूक आहे आणि छापलेला लेखही चूक आहे, हे सांगताना तिचा आवाज इतका कापत होता की विभागप्रमुखांनी पाण्याचा ग्लास पुढं केला. लोखंड आलं कुठून, असं बाईंनी विचारलं. चिमट्यातून आलं म्हणाली असती तरी चाललं असतं. पण चिमट्याचं नाव सांगितलं असतं, तर प्रेरणा अडकित्त्यानंच कातरत राहिली असती. त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते तिला आठवेना, म्हणून ती ‘अडकित्ता’ असंच म्हणाली, आणि हातानं कातरून दाखवलं.

सभागृहात हशा पिकला. कुणीतरी तंबाखूचं काहीतरी बोललं आणि लोक आणखी हसले. बाई हसल्या नाहीत. पाथ्रीकर सर मान खाली घालून बसले. प्रेरणाच्या हातातलं पेन थांबलं होतं आणि ती पांढरीफटक पडली होती. शेवटच्या रांगेत कडूबाईचा चेहरा मात्र खुलला. पाऊण तासात तिला ओळखीचा शब्द तो एकच ऐकू आला होता.

समितीनं दार लावून घेतलं आणि वीस मिनिटांनी उघडलं. या स्वरूपात प्रबंध देण्याची शिफारस करता येत नाही, लेख मागं घ्यावा, मुदतीसाठी कुलगुरूंकडे अर्ज करून बघावा. ‘करून बघावा’ हे विभागप्रमुखांनी अशा सुरात सांगितलं, की अर्ज न करताच त्याचं उत्तर कळलं. तज्ज्ञ बाईंनी जाताना अमृताचा हात हातात घेतला. बाहेर येऊन बघते तर कडूबाईनं अर्धा पुडा वाटून संपवला होता. सांडूमामांनी पेढा दोन्ही हातांत घेतला होता आणि ते वर बघत नव्हते.

फाटकावर रिक्षा मिळाली. कडूबाई उरलेला पुडा छातीशी धरून बसली. छावणीपर्यंत ती कौतुकानं बोलत राहिली, किती मोठमोठे साहेब होते आणि लेक कशी न घाबरता बोलत होती. मग तिनं विचारलं, “मधीच तू अडकित्त्याचं नाव घेतलं ना गं? तवा हासले ते. कशापायी?”

भर सभेत, एवढ्या प्राध्यापकांपुढं जे सांगता आलं, ते अमृताला इथं सांगता येईना. ज्या हातानं आपल्याला वाढवलं त्याच हातातल्या हत्यारानं आपलं वाटोळं केलं, हे आईला सांगायचं तरी कोणत्या तोंडानं?

“खडे कातरताना चुकलं माय,” ती म्हणाली. “त्यानं सगळं काम बिघडलं. मी डॉक्टर नाय होणार आता.”

छावणी मागं पडली, दौलताबादचा रस्ता लागला. कडूबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि पुडा दोघींच्या मध्ये ठेवला.

“पहिलंच बोलायचं ना मला,” ती म्हणाली. “तुह्या हाताला लई घाई. ते काय खडे असतील ते इकडं घरी आण. मी कातरून देते तुला. माह्या हातचा तुकडा आजवर कुणी वापस नाय केला.”

अमृतानं तिचा हात धरला आणि आणते म्हणाली.